कोंडवाड्यातल्या ढोरांचा मालक

बाबूजी,

तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या नावावर एक सायकल होती, दुपारी हमखास बंद पडणारं एक मनगटी घड्याळ होतं, अन् सरकारी कागदांत तीनशेच्या वर ढोरं होती. सायकल मी वापरली, घड्याळ आईनं ट्रंकेत ठेवलं. ढोरांचा वारस मात्र कोणी झाला नाही. एवढं गोधन मागे ठेवून सौंसरात दुसरं कोणी मेल्याचं मला तरी ठाऊक नाही, अन् कोणी मेलंच असेल, तर त्याच्या घरी निदान चहात दूध पडत असेल. आपल्याकडं महिन्याचा शेवटचा आठवडा काळ्या चहाचा असायचा.

तुम्ही जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. डॉक्टरसाहेब पांढुर्ण्याला राहायचे, सौंसरचा त्यांच्याकडं नुसता चार्ज होता. म्हणजे आठवड्यातून एकदा बसनं यायचे, तुम्ही भरून ठेवलेल्या रजिस्टरवर सह्या करायचे, संत्र्यांची थैली घ्यायचे अन् परतीची बस पकडायचे. बाकीचे सहा दिवस सौंसरचे डॉक्टर तुम्हीच. दवाखाना उघडायच्या आधी, रोज सकाळी, तुम्ही नगरपालिकेच्या कोंडवाड्यात जायचात. ते तुमच्या नोकरीत कुठं लिहिलेलं नव्हतं. तिथं न्यायची सुई आपल्या स्वयंपाकघरात उकळायची, दूध तापवायच्या पितळी गंजात. आई पोळ्या लाटता लाटता मागे वळून न पाहता म्हणायची, "त्या गंजात मी आता दूध तापवत नाही, सांगून ठेवते. ढोराच्या आंगातली सुई अन् घरातलं दूध, एकच गंज!" तुम्ही म्हणायचात, "उकळलं का सगळं सारखंच होते." त्यावर आई, "हाव, तं एकडाव अक्कल पण उकळून घ्या तुमची." तुम्ही हसत सुई फडक्यात गुंडाळायचात. दुसऱ्या दिवशी गंज तोच, भांडण तेच. त्या घरातला सगळ्यात नियमित कार्यक्रम तो होता.

कोंडवाडा म्हणजे काय, हे आताच्या पोरांना सांगावं लागतं. दुसऱ्याच्या शेतात शिरलेलं ढोर पकडून आणून कोंडायची जागा. मालक यायचा, दंड भरायचा, ढोर घेऊन जायचा. पण ऐंशीच्या पुढच्या त्या वर्षांत आपल्या लोकांनी त्याचा वेगळाच उपयोग शोधून काढला होता. बैल म्हातारा झाला, गाय भाकड झाली, पाय सडला, की दावं सोडायचं अन् ढोराचं तोंड शेजाऱ्याच्या संत्र्याच्या बागेकडं करून द्यायचं. शेजारीही समजदार. बोंब मारायचा नाही, गुपचूप ते ढोर कोंडवाड्यात पोचवायचा, कारण पुढच्या साली त्याचाही बैल म्हातारा होणारच होता. कसायाला विकलं तर पाप लागलं असतं. कोंडवाड्यात गेलं तर काही लागत नव्हतं, तिथं सरकार होतं. मग सोडवायला कोण येतो? बाजारात तुम्ही एकाला गाठून विचारलं होतं, मी सोबत होतो. तो कान खाजवत म्हणाला, "नाही जी बाबूजी, ते माहं नाही. माह्या ढोराले दोन शिंगं होती." तुम्ही शांतपणे म्हणालात, "यालेही दोनच आहे." तो म्हणाला, "असन मंग दुसऱ्याचं," अन् भाजीच्या ढिगात असा वाकला, जसा त्यात त्याचा हरवलेला बैलच शोधून राहिला.

मला तुम्ही पहिल्यांदा कोंडवाड्यात नेलं, तेव्हा मी सरकारी शाळेत हिंदीचा मास्तर म्हणून नवा नवा लागलो होतो. रविवार होता, चौकीदार गावाला गेला होता, तुम्हाला धरायला माणूस पाहिजे होता. कडुनिंबाखाली एक पांढरा बैल उभा. मागच्या पायाच्या खुरात अळ्या पडलेल्या, वळवळ लांबून दिसत होती. मी नाकाला रुमाल लावून म्हणालो, "बाबूजी, याच्यात जेवढा जीव आहे त्याहून जास्त तर याच्या पायात आहे." मला वाटलं, तुम्ही हसाल. तुम्ही बाटलीचं बूच दातांनी काढलं अन् म्हणालात, "हासून झालं असन तं पाय धर." मी पाय धरला. टर्पेंटाईन जखमेत गेलं तसा तो बैल सगळ्या अंगानं थरथरला, पण त्यानं लाथ मारली नाही. तुम्ही चिमट्यानं एकेक अळी काढत होतात अन् त्याच्याशी बोलत होतात, माझ्याशी कधी बोलला नसाल इतकं मऊ. मला त्या दिवशी विनोद दिसला होता अन् तुम्हाला बैल. मी ते तेव्हा समजून घ्यायला पाहिजे होतं. त्याऐवजी मी माझं ते अळ्यांवरचं वाक्य वहीत लिहून ठेवलं.

कारण मला लिहायचा नाद होता. नागपूरच्या एका साप्ताहिकात मी टोपणनावानं सदर लिहायचो. कोणाची टोपी उडव, कोणाचं धोतर ओढ, असलं. सरकारी मास्तरानं परवानगीशिवाय छापून आणलं तर नोकरी जाते, म्हणून घरात फक्त आईला माहीत होतं, अन् तिला त्यातलं अर्धं आवडत नव्हतं.

तर रजिस्टर. दवाखान्यातली दवा ज्या वहीत लिहावी लागायची, तिच्यात एक रकाना होता, पशुपालक का नाम. गाव मराठी, पण सरकार मध्य प्रदेशचं, म्हणून कागद सगळे हिंदीत. तो कोरा ठेवून दवा देता येत नव्हती. कोंडवाड्यातल्या ढोराला मालक नाही, म्हणून तर ते कोंडवाड्यात. तुम्ही डॉक्टरांना विचारलं. ते घड्याळ पाहत म्हणाले, "भर दीजिए कुछ भी." दुसऱ्या कोणी खोटी नावं भरली असती, चार रामे अन् चार शामे. तुम्ही घरी येऊन आईला सांगत होतात, "खोटं नाव कायले लिहू? चारा मी टाकून राहिलो, पाणी मी पाजून राहिलो, तं मालक कोण? मीच." अन् तुम्ही त्या रकान्यात लिहिलं, स्वयं. पुढच्या ढोरापुढंही स्वयं. पानंच्या पानं, वर्षामागून वर्षं, तुमच्या त्या गोल अक्षरात, स्वयं, स्वयं, स्वयं. बोरगावची गाय, लोधीखेड्याचा बैल, कुठून आलं माहीत नाही असं वासरू, सगळ्यांचे मालक तुम्ही.

तुम्हाला एक खोली पाहिजे होती. झाडाखाली नाही, छताखाली इलाज. ढोर पक्कं उभं राहील असा लोखंडी खोडा, दवांचं एक कपाट, हाताखाली एक माणूस, अन् डॉक्टरांची तिथं आठवड्यातून एक ठरलेली हजेरी. कोंडवाडा बंदिखाना नको, दवाखाना पाहिजे, एवढंच तुमचं म्हणणं. तो अर्ज तुम्ही इतकी वर्षं नगरपालिकेत फिरवला, की तिथला शिपाई तुम्हाला पाहून आधीच म्हणायचा, "आले कोंडवाडेवाले." अन् एका साली खोली झाली. विटांची, टिनाची. फरशीचा उतार उलटा पडला म्हणून तुम्ही गवंड्याकडून ती उखडून पुन्हा करून घेतली. मूत अन् रक्त नालीकडं वाहिलं पाहिजे, दाराकडं नाही, हे त्याला तुम्ही स्वतः बादलीभर पाणी ओतून दाखवलं. उद्घाटनाला आजारी ढोरं चांगली दिसणार नाहीत, म्हणून ती मागच्या कुंपणात कोंडली अन् बोरगावहून एका पाटलाचा शिंगं रंगवलेला बैल मागून आणला. नगराध्यक्षांच्या हस्ते त्या धडधाकट बैलाला ताकदीची सुई देण्यात आली. त्यानं एकाच लाथेत हाराचं तबक नालीत पाठवलं. तुम्ही आनंदात होतात. "उतार बरोबर आहे," म्हणालात.

पण खोली झाली म्हणजे दवा आली, असं नव्हतं. दवेचा कोटा अन् माणसाची जागा जिल्ह्याच्या ऑफिसातून, छिंदवाड्याहून मंजूर व्हायची होती. तिकडून उत्तर यायचं नाव नव्हतं. सहा महिने खोडा नवाकोरा उभा, कपाट रिकामं, अन् तुम्ही पुन्हा त्या फडक्यात गुंडाळलेल्या सुईवर. तेव्हा मी तो लेख लिहिला. मला तुमची मदत करायची होती, हे खरं आहे. विषय फार झकास होता, हेही तितकंच खरं आहे. कोणतं आधी, ते विचारू नका.

लेख असा होता. आमच्या तालुक्यात एक कुबेर राहतो, दवाखान्यात कंपाउंडरी करतो. तीनशे ढोरांचा धनी, पण फिरतो सायकलवर, कारण तीनशेतलं एकही चालू शकत नाही. गाई एवढ्या, पण दूध काढायची चूक त्यानं कधी केली नाही. कोंडवाड्यात जे ढोर येईल ते हा आपल्या नावावर लिहून घेतो, असा हावरा. अन् शेवटचं वाक्य, जे मी तीन रात्री घासूनपुसून काढलं, ते असं: "सरकारनं या माणसाच्या संपत्तीची ताबडतोब चौकशी करावी, अन् ही सगळी ढोरं सन्मानानं त्याच्या घरी पोचती करावीत." वाचणारा हसेल, मग थांबेल, मग त्याला लाज वाटेल, असा माझा हिशेब होता. सौंसरात लोक हसले. तिथंच थांबले.

कोणीतरी ते कात्रण छिंदवाड्याला पाठवलं. अन् महिन्याभरात तिथले एक साहेब, ज्यांची आपण इतके महिने वाट पाहत होतो, ते खरोखर आले. खोली पाहायला नाही, रजिस्टर पाहायला. साहेबांना मराठी येत नव्हती. त्यांनी हिंदी-मराठी दोन्ही येणारा सरकारी माणूस मागवला, अन् शाळेतून मला बोलावणं आलं.

मी दवाखान्यात पोचतो तेव्हा तुम्ही बाहेर बाकावर बसलेले आहात. मला पाहून तुमचा चेहरा मोकळा होतो. तुम्हाला वाटतं, मी तुमच्यासाठी धावत आलो. "काही नाही रे, साहेब रजिस्टर पाहून राहिले," तुम्ही म्हणता. आत टेबलावर रजिस्टर उघडं आहे, शेजारी माझं कात्रण. साहेब सभ्य माणूस, मला खुर्ची देतात. "मास्टरजी, इसका हिंदी कर दीजिए। शब्दशः।"

मी म्हणतो, "साहब, यह तो व्यंग है।"

"वह तो मैं भी समझता हूँ। पर बात झूठ है क्या?"

"नहीं साहब।"

"लिखनेवाले को जानते हैं?"

"नहीं साहब।"

तुम्ही माझे वडील आहात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. तेवढं एक सांगितलं असतं तर त्यांनी दुसरा माणूस मागवला असता. नोकरीची भीती होती, ती समजण्यासारखी आहे, तिच्याबद्दल मी या पत्रात माफी मागत नाही. दुसरी एक गोष्ट आहे. खोलीत त्या वेळी मराठी वाचणारं माझ्याशिवाय कोणीही नव्हतं. शेवटचं वाक्य मी गाळलं असतं, तर कोणाला कळणार होतं? मी ते गाळलं नाही. उलट पेन थांबवून विचार करत बसलो, की "पोचती करावीत"ला हिंदीत तसाच डौल कसा आणावा. "ससम्मान पहुँचा दिए जाएँ", असं सुचलं तेव्हा मनातल्या मनात खूषही झालो. खाली लिहिलं, सत्य अनुवाद, अन् सही केली. साहेबांनी वाचलं, अन् शेवटच्या ओळीखाली लाल रेघ ओढली. इतकी वर्षं सदर लिहिलं, माझ्या वाक्याखाली कोणी पहिल्यांदा रेघ ओढली होती.

आठ दिवसांनी आदेश आला. नोंदीनुसार ढोरं सदर कर्मचाऱ्याची खाजगी मालमत्ता आहेत, सबब कोंडवाड्यात आज असलेली त्याची अकरा ढोरं त्यानं सात दिवसांत स्वतःच्या जागी हलवावीत. कर्मचाऱ्याच्या खाजगी ढोरांसाठी शासकीय दवेचा कोटा मंजूर करता येत नाही, दवाखान्यातली दवाही त्यांना देता येणार नाही, सबब खोली नगरपालिकेनं इतर कामासाठी वापरावी. तुम्ही ओट्यावर बसून दोनदा वाचलं. मी म्हणालो, "बाबूजी, लिहून द्या ना, की ढोरं माही नाहीत." तुम्ही चश्मा काढला. "माही नाही म्हटलं, तं एवढ्या वर्षांची दवा कोणाच्या ढोराले देली? चोरी झाली ते. अन् चोरी झाली तं दर पानावर डॉक्टरसाहेबाची सही आहे, तो माणूस लेकराबाळाचा आहे." मग कागदाची घडी घालत म्हणालात, "अन् लिहिलं तं मीच आहे. अक्षर माहं होय."

ती मिरवणूक मी विसरलेलो नाही. सातव्या दिवशी सकाळी तुम्ही, मी अन् चौकीदार, अकरा ढोरं घेऊन भर बाजारातून निघालो. पुढं तुम्ही, हातात त्या पांढऱ्या बैलाचं दावं. तो अजून होता, तीन पायांवर. लोधीखेड्याच्या रस्त्यावर मामांच्या बागेमागं पडीक तुकडा होता, तिथवर जायचं. सरळ चाललं तर अर्धा तास, आम्हाला दुपार झाली. एक लाल गाय दर पन्नास पावलांवर बसायची. कापसाचे व्यापारी गादीवरून उठून पायऱ्यांवर आले. किराणेवाला ओरडला, "काय जी बाबूजी, पोळा औंदा लवकर आला का?" दुसरा म्हणाला, "कुबेराची स्वारी चालली ना बाप्पा!" तो शब्द माझा होता. लोकांना पाठ झाला होता. ज्याच्या ढोराला दोन शिंगं होती, तोही त्या गर्दीत होता, अन् आपलाच बैल समोरून जाताना तो सगळ्यांत जोरात हसत होता. तुम्ही कोणाकडंही पाहिलं नाही. फक्त एकदा मागं वळून मला म्हणालात, "गायीले ओढू नको. तिले उठाचं असन तेव्हा उठन."

मग ती मरत गेली. दवा नव्हती. कडुनिंबाचं पाणी, हळद, फिनाईल, एवढंच तुमच्या हातात उरलं होतं. तुम्ही सकाळी सायकलनं जायचात अन् आल्यावर ओट्यावर बसायचात. आई तुमचा चेहरा पाहून आकडा ओळखायची. तिनं आपणहून दुधाचा गंज सुईसाठी चुलीवर ठेवायला सुरुवात केली होती, अन् आता उकळायला सुईच नव्हती. दिवाळीपर्यंत नऊ गेली. लाल गाय थंडीत गेली. पांढरा बैल सगळ्यात शेवटी, उन्हाळ्याच्या तोंडी. नव्या खोलीत नगरपालिकेनं दिव्यांच्या नळ्या अन् निवडणुकीचे पत्र्याचे डबे भरले. खोडा एका भंगारवाल्यानं नेला. कोंडवाड्यात पुढं येणाऱ्या ढोरांना कोणी हात लावला नाही. मालकाचा रकाना भरायची हिंमत तुमच्यानंतर कोणात नव्हती, अन् त्यासाठी मी कोणाला दोष देऊ? माझ्यात तरी कुठं होती?

शेवटच्या आजारपणात एकदा तुम्ही मला उशीखालून ते कात्रण काढून दाखवलं. घड्यांवर फाटलेलं. म्हणालात, "हा कोण लिहिते रे? तुले माहीत असन, तू वाचत असते." मी म्हणालो, नाही माहीत. तुम्ही म्हणालात, "भेटला तं सांग त्याले. चांगलं लिहिते. त्याले सगळं समजलं होतं, ढोरं कशी होती, सायकल, सगळं. फक्त मले एकडाव विचारलं असतं त्यानं." अन् भिंतीकडं तोंड केलं. तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं, हे मी तेव्हापासून हजार वेळा उलटंपालटं करून पाहिलं आहे. ठाऊक असेल तर तुम्ही मला माफ केलं असं नव्हे, मला सांगायची एक संधी दिली होती. तीही मी घेतली नाही. नसेल ठाऊक, तर माझी तारीफ करत तुम्ही गेलात, अन् ते जास्त वाईट.

आता माझे केस तुमच्याइतके पिकले आहेत. नागपूरचा एक प्रकाशक माझ्या निवडक लेखांचं पुस्तक काढतो आहे. कोणते घ्यायचे ते मीच ठरवायचं होतं. तो लेख वगळायचा, असं मी पक्कं ठरवलं होतं, आईलाही तिच्या हयातीत तसं म्हणालो होतो. हा कागद कोणत्याही टपालपेटीत पडणार नाही, म्हणून तेवढं सांगून टाकतो. लेख घेतला आहे, बाबूजी. पहिलाच आहे. परवा मुद्रितं तपासत होतो, अन् शेवटच्या वाक्याशी आलो तेव्हा मला हसू आलं.